हलका रणगाडा आणि त्याची वाट

(पुणे येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने यंदाच्या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आमच्यासारखा निवृत्त शिक्षक मुलांचे शिक्षण अथवा संस्कार यांपैकी एखादा विषय घेईल, अशी मंडळींची अपेक्षा असावी. आम्ही कळविलेला विषय 'हलका रणगाडा' हा आहे हे वाचून चिटणीसांनी दोन वेळा विचारणा केली. त्यांचे आश्चर्य रास्तच होते. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. हाती आयुष्यभर खडू धरला, बंदूक कधी धरली नाही. तेव्हा रणविद्येवर अधिकारवाणीने बोलण्याचा आव आम्ही आणणार नाही. परंतु एका विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे अनेक वर्षे थकले आहे. ते ऋण आज आपणां सर्वांच्या साक्षीने फेडावे, एवढाच आमचा हेतू आहे.

गोष्ट १९९० सालच्या सुमाराची. सातवीच्या वर्गात १९४७-४८ च्या काश्मीर युद्धाविषयी आम्ही पुस्तकाबाहेरचे काही सांगत होतो. 'आपल्या रणगाड्यांनी डोंगरातून मुसंडी मारली आणि राजौरी सोडविली' असे मोठ्या आवेशाने सांगून आम्ही थांबलो. तोच खडकीहून सायकलीने येणारा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "गुरुजी, शत्रूने रस्ता फोडला होता ना? मग रणगाड्यांना वाट कोणी करून दिली?" आम्ही म्हणालो, "सैन्याने." मुलगा खाली बसला; परंतु त्याचे समाधान झालेले नाही हे त्याच्या मुद्रेवर स्पष्ट दिसत होते. आम्ही पुढील धड्याकडे वळलो. त्या प्रश्नाचे खरे उत्तर काय होते आणि ते किती जवळ होते, हे आम्हांस फार उशिरा कळले. ते सांगण्यापूर्वी त्या रणगाड्याची हकीकत सांगणे क्रमप्राप्त आहे.

राजौरीच्या वाटेवर जो रणगाडा होता, त्याचे नाव 'स्टुअर्ट'. हा अमेरिकेचा. पहिल्या महायुद्धानंतर त्या देशाने रणगाड्यांकडे फारसे लक्ष दिले नव्हते. १९४० साली जर्मनीच्या चिलखती दलांनी अवघ्या काही आठवड्यांत फ्रान्स पादाक्रांत केला, तेव्हा अमेरिकेचे डोळे उघडले. तिच्याजवळ तत्पूर्वीचा एक हलका रणगाडा होता. त्याचेच चिलखत जाड करून, मागील चाक जमिनीस टेकवून, नवा रणगाडा सिद्ध करण्यात आला. त्यास 'एम ३' अशी संज्ञा मिळाली. तो बांधण्याचे काम प्रथम ज्या कारखान्याकडे गेले, तो मूळचा आगगाडीचे डबे बांधणारा होता. मार्च १९४१ पासून तेथून रणगाडे बाहेर पडू लागले. याच महिन्यात अमेरिकेने मित्रराष्ट्रांस उसनवारीने युद्धसाहित्य पुरविण्याचा कायदा केला आणि हे रणगाडे इंग्रजांकडे जाऊ लागले. अमेरिकन यादवी युद्धातील एका घोडदळ सेनापतीवरून इंग्रजांनी त्यास 'स्टुअर्ट' म्हटले. सामान्य शिपायाने मात्र त्याचे नाव 'हनी' ठेवले, म्हणजे मध! कारण हे यंत्र वाटेत सहसा बिघडत नसे, आणि रणांगणावर न बिघडणारे यंत्र शिपायास मधाहून गोड.

आता त्याचे बलाबल पाहू. वजन सुमारे १३ टन. आत माणसे चार. तोंडाशी ३७ मिलिमीटरची लहानशी तोफ आणि जोडीला मशिनगना. सर्वांत जाड चिलखत सुमारे २ इंच. इंजिन विमानाच्या जातीचे, सात नळकांडी वर्तुळाकार मांडलेले, सुमारे २५० अश्वशक्तीचे. रात्रभर उभे राहिल्यास खालच्या नळकांड्यांत तेल उतरे. म्हणून सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी दांडा घालून ते हाताने फिरवावे लागे. एकदा सुरू झाले की चांगल्या रस्त्यावर ताशी ५५ किलोमीटरांहून अधिक वेगाने ते धावे. पुढे याच कुळातील 'एम ५' या भावंडास मोटारीची दोन इंजिने बसविण्यात आली. १९४४ पर्यंत या सर्व भावंडांची संख्या २२,००० च्या वर गेली. थोडक्यात, हा गडी चपळ व भरवशाचा, परंतु अंगाने किरकोळ.

आणि हे किरकोळपण लवकरच उघडे पडले. नोव्हेंबर १९४१ मध्ये लिबियाच्या वाळवंटात इंग्रजांनी जी मोहीम काढली, तीत दीडशेहून अधिक स्टुअर्ट रणगाडे प्रथमच लढाईत उतरले. जर्मन तोफा दुरून मारा करीत. स्टुअर्टची लहान तोफ तेथवर परिणामकारक ठरत नसे. म्हणून वेगाने धावत जाऊन, शत्रूच्या बाजूस शिरून, जवळून मारा करावा लागे. या धावपळीत कित्येक रणगाडे जळून खाक झाले. पुढील महिन्यात फिलिपाइन्स बेटांत अमेरिकेच्या स्टुअर्टांची जपानी रणगाड्यांशी गाठ पडली. युद्ध जसे पुढे सरकले, तसे सर्व पक्षांचे रणगाडे अधिक जाड व अधिक जड होत गेले. तीस टनांचा शर्मन आला, त्याहून कितीतरी अवजड जर्मन टायगर आला. तेव्हा युरोपातील सेनानींनी स्टुअर्टला आघाडीवरून काढून टेहळणीच्या कामास लावले. काहींचे तर तोफेसह बुरूजच उतरवून ठेवले. तोफखान्याच्या कोष्टकात पाहिले तर हा रणगाडा निकाली निघाला होता.

परंतु पूर्वेकडे त्याचे दैव निराळे होते. फेब्रुवारी १९४२ मध्ये रंगून पडण्याच्या बेतात असता एक ब्रिटिश चिलखती ब्रिगेड स्टुअर्ट रणगाडे घेऊन तेथे उतरली. ब्रह्मदेश वाचला नाही. परंतु माघार घेणाऱ्या सैन्याची पाठ या रणगाड्यांनी शेकडो मैल राखली. अखेर मे महिन्यात चिंदविन नदी आडवी आली. रणगाडे पलीकडे नेण्यास साधन नव्हते. तेव्हा ज्यांनी आपणांस वाचविले, ती यंत्रे शिपायांनी आपल्याच हातांनी निकामी केली. केवळ एक रणगाडा कसाबसा नदीपार झाला. पुढे त्याचा बुरूज काढून तो आपल्या ७ लाइट कॅव्हलरी या रिसाल्याकडे देण्यात आला, आणि १९४५ साली विजयी सैन्याबरोबर तो पुन्हा ब्रह्मदेशात गेला. हाच ७ लाइट कॅव्हलरी रिसाला १९४४ साली इंफाळच्या लढाईत स्टुअर्ट घेऊन लढला होता. तेथील डोंगरांत व दाट रानांत अवजड रणगाड्यांची अडचण होई. हलका स्टुअर्ट वाट काढी. जपान्यांपाशी रणगाडे फोडणाऱ्या मोठ्या तोफाही बेताच्याच होत्या. पश्चिमेकडे जो दुबळेपणा ठरला, तोच पूर्वेकडे गुण ठरला. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा वाटणीस आलेल्या सैन्यसामग्रीत हे जुने स्टुअर्ट होतेच.

आता आपण राजौरीकडे येऊ. एप्रिल १९४८. नौशेरा आपल्या हाती होते. तेथून उत्तरेस राजौरी शत्रूच्या ताब्यात होती व तेथील प्रजेचे हाल चालले होते. ४ डोग्रा पलटण आणि सेंट्रल इंडिया हॉर्सचे रणगाडे पुढे निघाले. परंतु रस्ता डोंगराच्या कडेने सापासारखा वळत गेलेला. शत्रूने त्यावर चिराचे मोठमोठे वृक्ष पाडले होते, मोऱ्या उडविल्या होत्या, कडा फोडल्या होत्या, आणि या सर्वांभोवती भूसुरुंग पेरले होते. तेरा टनांचे पोलाद, अडीचशे घोड्यांचे बळ आणि तोफ. परंतु रस्त्यातील एका सुरुंगापुढे सर्व व्यर्थ. साखळीपट्टा तुटला की रणगाडा जागीच बसणार, आणि त्या अरुंद वाटेवर त्याच्या मागील सर्व रांग अडकणार.

ही वाट मोकळी करण्याचे काम ३७ असॉल्ट फील्ड कंपनीच्या एका तुकडीकडे होते. तिचा नायक सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे. जन्म २६ जून १९१८, कारवारजवळच्या चेंडिया गावचा. वडील पोलीस खात्यात शिपाई. १९४० साली हा तरुण बॉम्बे इंजिनिअर्समध्ये साधा रिक्रूट म्हणून भरती झाला. त्याला कवाईत शिकविली ती आपल्या खडकीने. उत्कृष्ट रिक्रूट म्हणून त्यास तेथेच गौरविण्यात आले. जुनी माणसे या पलटणीस 'सफरमैना' म्हणत. पूल बांधणे, पूल उडविणे, रस्ता करणे, सुरुंग पेरणे व उचलणे, हा तिचा धर्म. राणे ब्रह्मदेशात जपान्यांविरुद्ध लढले, शिपायाचे हवालदार झाले, आणि डिसेंबर १९४७ मध्ये अधिकारी झाले. राजौरीच्या वाटेवर ते उभे राहिले तेव्हा खांद्यावरील पदचिन्हास पुरते चार महिनेही झाले नव्हते.

८ एप्रिलला सकाळी ११ वाजता ते आपल्या माणसांसह रणगाड्यांजवळ कामास लागण्याच्या तयारीत असता शत्रूच्या उखळी तोफांचा वर्षाव झाला. तुकडीतील दोघे जागीच ठार झाले, पाचजण जखमी झाले; जखमींत राणे स्वतः होते. त्यांनी माणसे पुन्हा जमविली व कामास हात घातला. संध्याकाळी बरवालीची डोंगरधार आपल्या हाती आल्यावर रणगाड्यांसाठी वळणरस्ता करण्याचे काम त्यांनी आरंभिले ते रात्री १० पर्यंत, शत्रूच्या मशिनगनांच्या तोंडासमोर. दुसऱ्या दिवशी पहाटे ६ ला पुन्हा आरंभ. दुपारी ३ ला वळणरस्ता तयार. रणगाडे हलले. अर्ध्या मैलावर पाडलेली झाडे. राणे उतरले, स्फोटके लावून ती उडविली. पुढे तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. पुढे उडविलेली मोरी. तिला बगल देणारी वाट केली. दिवस मावळताना पाच मोठ्या वृक्षांचा व सुरुंगांचा अडसर आला, तेव्हा रात्रीपुरते थांबावे लागले. १० तारखेला पहाटे पावणेपाचला काम सुरू, साडेसहाला तो अडसर दूर. पुढील हजार यार्ड म्हणजे अडथळ्यांची केवळ माळ. ती साडेदहापर्यंत मोकळी झाली. दुपारी २ वाजता रणगाडे चिंगसला पोहोचले. रणगाडे पुढे गेले तरी रसद व दारूगोळा घेऊन येणाऱ्या गाड्यांची वाट अद्याप व्हायची होती. म्हणून राणे अन्नविश्रांतीवाचून रात्री ९ पर्यंत राबले. ११ तारखेलाही पहाटेपासून रात्री १० पर्यंत तेच. १२ एप्रिलला राजौरी मुक्त झाली.

या चार दिवसांतील एक प्रसंग आम्ही मुद्दाम मागे ठेवला होता. सुरुंग पेरलेल्या पट्ट्यावर गोळ्यांचा असा भडिमार होता की माणसाने उभे राहणेच अशक्य. तेव्हा राणे रणगाड्याच्या पोटाखाली शिरले. वर पोलाद, खाली जमीन, दोन्ही बाजूंस फिरणारे साखळीपट्टे, आणि मध्ये रांगणारा मनुष्य. चालकाशी बोलणे इंजिनाच्या आवाजात अशक्य. म्हणून दोन दोर बांधले. एक ओढला की थांबायचे, दुसरा ओढला की पुढे सरकायचे. असा तो रणगाडा त्यांच्या रांगण्याच्या वेगाने पुढे गेला.

बंधुभगिनींनो, स्टुअर्टचे पोट जमिनीपासून सुमारे साडेसोळा इंच उंच असते. आपण घरी वीतभर काठीने मोजून पाहावे. आपल्या जुन्या मापाने एक हात म्हणजे अठरा इंच, तेवढेसुद्धा नाही. आम्ही हे अंतर आमच्या बैठकीच्या खोलीत जमिनीपासून भिंतीवर खुणेने मोजले, आणि पंचविसाहून अधिक वर्षे मुलांस 'रणगाड्यांनी मुसंडी मारली' असे शिकविल्याबद्दल आमची मान खाली गेली. रणगाड्याने मुसंडी मारली नव्हती. रणगाडा एका जखमी माणसाच्या मागोमाग, त्याच्या दोराच्या इशाऱ्यावर, पावलापावलाने गेला होता.

राणे यांस परमवीरचक्र मिळाले. त्या युद्धातील पाच परमवीरांपैकी तिघांस ते मरणोत्तर लाभले. राणे व शिख रेजिमेंटचे करमसिंग हे दोघेच ते स्वहस्ते स्वीकारण्यास उरले. १९६८ साली राणे मेजर म्हणून निवृत्त झाले. ११ जुलै १९९४ रोजी त्यांचे देहावसान झाले, आणि ते आपल्या या पुण्यातच. म्हणजे तो मुलगा वर्गात उभा राहिला, तेव्हा त्याच्या प्रश्नाचे उत्तर देणारा मनुष्य हयात होता. आम्ही कोणास विचारले नाही, कोठे शोध केला नाही. एक धडा संपवून दुसरा घेतला. निधनानंतर त्यांच्याविषयी वाचले, तेव्हा प्रथम आठवला तो खडकीचा मुलगा. शिक्षकाच्या आयुष्यात चुका पुष्कळ होतात. ही मात्र आम्हांस अद्याप टोचते.

याच वर्षाच्या अखेरीस स्टुअर्टने दुसरा पराक्रम केला, आणि तेथेही कथा तीच. काश्मीरहून लडाखकडे जाणारी झोजी ला ही खिंड सुमारे साडेअकरा हजार फूट उंच. ती शत्रूने अडविली होती, द्रास व कारगिल गेले होते, आणि लेह एकाकी पडले होते. सप्टेंबरातील पायदळाचे हल्ले खिंडीवरील मशिनगनांपुढे परतले. तेव्हा जनरल थिमय्या यांनी रणगाडे वर नेण्याचे ठरविले. इतक्या उंचीवर रणगाडा पूर्वी कोणी लढविलेला नव्हता. ७ लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट लेफ्टनंट कर्नल राजिंदरसिंग यांच्या हाताखाली जम्मूकडून निघाले. वाटेतील कच्च्या पुलांवरून भार कमी व्हावा आणि हेरांस सुगावा लागू नये म्हणून बुरूज उतरवून ते गुप्तपणे श्रीनगरमार्गे बालतालला नेण्यात आले. शर्मनसारखा तीस टनी रणगाडा त्या पुलांवर चढविणे शक्यच नव्हते. जुना, हलका, युरोपात निकाली निघालेला स्टुअर्टच तेथे जाऊ शकत होता.

परंतु बालतालपासून खिंडीपर्यंत होती ती खेचरांची पाऊलवाट. ती रुंद करून रणगाडा चढेल अशी केली मेजर थंगराजू यांच्या मद्रास सॅपर्सनी. थंडीत, शत्रूच्या नजरेच्या टप्प्यात, कडे फोडून. १ नोव्हेंबर १९४८ रोजी दुपारी बर्फ पडत असताना स्टुअर्ट खिंडीत घुसले. एवढ्या उंचीवर रणगाडा पाहण्याची कल्पना शत्रूने स्वप्नातही केली नव्हती. खिंड त्याच दिवशी मोकळी झाली, आणि महिना संपण्यापूर्वी द्रास व कारगिल परत आले. लेहची वाट उघडली. वरती कूर्गचा सेनापती, रणगाड्यात पंजाबचा अधिकारी, वाटेवर तमिळ देशाचे हात. राजौरीस डोग्रा पलटण आणि कारवारचा मनुष्य. आपल्या ज्ञातिसंमेलनात हे मुद्दाम सांगतो. आपापल्या माणसांचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु रणगाड्याच्या पुढील वाट एका ज्ञातीने केलेली नव्हती.

हलक्या रणगाड्याची कथा तेथे संपली नाही. १९६२ साली चुशूलच्या रक्षणासाठी विमानातून लडाखला जे रणगाडे उतरविले, ते हलकेच होते, फ्रेंच बनावटीचे. पुढे हलके रणगाडे सैन्यातून गेले. २०२० साली लडाखच्या सीमेवर चीनशी तणाव वाढला, तेव्हा चाळीस टनांहून अवजड रणगाडे त्या उंचीवर नेण्याची अडचण पुन्हा जाणवली, आणि २०२४ साली सुमारे २५ टनांचा 'जोरावर' हा स्वदेशी हलका रणगाडा जगासमोर आला. पंचाहत्तर वर्षांपूर्वी स्टुअर्टने जे शिकविले, ते नव्याने शिकावे लागले: वस्तूचे मोल केवळ तिच्या जाडीने वा जोराने ठरत नाही, ती कोठे उपयोगी पडते यावरही ठरते. आमच्यासारख्या निवृत्तांस हा धडा थोडा सुखावणारा आहे हे नाकबूल करण्यात अर्थ नाही.

परंतु त्याहून मोठा धडा त्या मुलाच्या प्रश्नात आहे. जेथे कोठे विजयाची वार्ता ऐकाल, तेथे 'वाट कोणी करून दिली?' हे विचारावे. आपल्या घरात, आपल्या संस्थेत, आपल्या ज्ञातीत पुढे दिसणारी माणसे असतात. त्यांच्या पुढे कोणीतरी जमिनीशी ओणवे होऊन सुरुंग वेचलेले असतात. त्यांचे नाव ते हयात असताना विचारावे. आम्ही विचारले नाही. आपण विचारावे, आपल्या मुलांस विचारू द्यावे, आणि मुलाने विचारले असता 'सैन्याने' असे उत्तर देऊन त्यास खाली बसवू नये.

तो विद्यार्थी आज पन्नाशीकडे झुकला असेल. हे भाषण स्मरणिकेत छापले जाणार आहे असे चिटणीसांनी सांगितले आहे. कदाचित ते त्याच्या हाती पडेल. त्याच्यासाठी उत्तर येथे लिहून ठेवतो: बाळ, वाट करून दिली ती रामा राघोबा राणे आणि त्यांच्या सोबत्यांनी; आणि त्यांना ती विद्या दिली ती तुझ्या खडकीने.